लेणं दिलं, भिंत घेतली

नाशिकच्या हद्दीत मुंबई-आग्रा रस्त्यावर एक डोंगर आहे. रिक्षावाल्याला काय सांगता? 'पांडवलेणी'. बसमधे तिकीट काढताना काय म्हणता? 'पांडवलेणी'. पंचशील घेतलेलं, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं, छातीवर निळा बिल्ला लावलेलं आपलं पोरगंसुद्धा हेच म्हणतं, आणि त्याला काही टोचत नाही. मला टोचलं तेही फार उशिरा. म्हणून हे लिहितोय.

माझा आजा १९३० साली पंचवटीत होता. काळारामाच्या दारात. २ मार्चला सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हजारो माणसं गेली त्यात तोही एक. घोटीकडून रस्त्यानं चालत आला होता. भाकरी फडक्यात, पायात काही नाही. मी लहान असताना त्याला विचारलं होतं, "आबा, तुला रामाला बघायचं होतं का?" तो हसला. म्हणाला, "रामाचं काय करायचं हुतं रं? दार उघडत्यात का न्हाई ते बघाया गेलो हुतो."

दार उघडलं नाही. रामनवमीच्या रथाला दगड पडले. दगड कुणावर पडले हे सांगायला नको. १९३४ साली बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून साफ सांगितलं, की आपल्या माणसांनी मूर्तीची पूजा करावी म्हणून ही चळवळ आपण काढली नव्हती. दुसऱ्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात ते बोलले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी ते खरं केलं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे.

आता जे माहीत नाही ते ऐका. घोटीकडून पंचवटीला जाणारा रस्ता त्या डोंगराच्या पायथ्याशीच जातो. म्हंजे माझा आजा, हातात काठी घेऊन, दुसऱ्याच्या देवळाचं दार ठोठवायला निघालेला, आपल्या लेण्यांच्या खालून चालत गेला. वर चोवीस लेणी उघडी. ना कुलूप, ना पुजारी, ना दगड मारणारा. त्यानं मान वर करून बघितलंही असेल. मी नंतर त्याला विचारलं, "तू वर नाही गेलास?" तो म्हणाला, "तितं काय? ती पांडवांची हायेत."

दोस्तहो, नावानं काय होतं असं विचारणाऱ्यांच्या तोंडावर हे एक वाक्य मारा. नावानं एवढं होतं. माणूस आपल्या घराखालून जातो आणि मान खाली घालून दुसऱ्याच्या उंबऱ्यावर मार खायला जातो.

ही हातचलाखी काही एकट्या नाशिकची नाही. अंधेरीची कोंडिविट्याची बौद्ध लेणी महाकालीच्या नावानं ओळखली जातात. जुन्नरजवळ लेण्याद्रीवर भिक्षूंच्या विहारात गणपती बसला आणि ते अष्टविनायकातलं एक झालं. जिथं देव बसवायला जमलं तिथं देव बसवला. जिथं नाही जमलं तिथं पांडव. डोंगरात कोरलेलं काहीही दिसलं की पांडवांनी एका रात्रीत केलं! दगड फोडणाऱ्याला विचारा, एक खोली कोरायला किती छिन्न्या झिजतात. 'एका रात्रीत' म्हटलं की ज्या हातांनी पिढ्यान्पिढ्या छिन्नी चालवली ते हात गायब. मजूर गायब, दाता गायब, भिक्षू गायब. उरले पाच राजपुत्र.

मागच्या पावसाळ्यानंतर वस्तीतली सात-आठ पोरंपोरी घेऊन मी वर गेलो. दोनेकशे पायऱ्या. पायथ्याशी बुद्ध स्मारक, त्याचा घुमट. वरून बघितलं की एवढं मोठं शहर पसरलेलं. कारखाने, इमारती, रस्त्यावरून पळणारे ट्रक. एक गृहस्थ बायकापोरांना हात दाखवून समजावत होते : ही भीमाची खोली, इथं द्रौपदी स्वयंपाक करायची. आमच्यातल्या एका पोरीनं, नववीतल्या, मला हळूच विचारलं, "काका, खरं सांगा, ते म्हणतात ते खोटं कशावरून?"

मी छाती पुढं काढून म्हणालो, "ही बौद्ध लेणी आहेत."

"कशावरून?"

"इथं स्तूप आहे."

"पण भिंतीवर काय लिहिलंय?"

भिंतीवर लिहिलं होतं. हातहात लांबीच्या ओळी, दगडात खोल गेलेल्या, दोन हजार वर्षं पावसाला न जुमानलेल्या. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्या पांडववाल्या गृहस्थालाही येत नव्हतं. म्हंजे त्याचं अज्ञान आणि माझं अज्ञान सारखंच. फरक एवढाच की त्याच्या अज्ञानाला रस्त्यावरची पाटी साथ देते आणि माझ्या अज्ञानाला माझी घोषणा. त्या पोरीसमोर मला लाज वाटली.

घरी आलो आणि वाचायला बसलो. १८३७ साली प्रिन्सेपनं ही लिपी उलगडली. नाशिकचे लेख भगवानलाल इंद्रजींनी वाचले, पुढं सेनार या फ्रेंच पंडितानं ते छापून काढले. शंभर वर्षांहून जास्त काळ ते ग्रंथालयात पडून आहेत. कुणी लपवले नव्हते. आपणच उचलले नाहीत. हे आधी कबूल करू, मग दुसऱ्याला शिव्या घालू.

काय लिहिलंय ऐका.

पहिलं म्हंजे डोंगराचं नाव लिहिलंय. दहाव्या लेण्यात सरळ 'त्रिरश्मि' असं कोरलंय, दुसरीकडे प्राकृतात 'तिरण्हु'. बारसं डोंगराच्या अंगावरच केलेलं आहे. आपण नाव बदला म्हणत नाही. आपण म्हणतो, लिहिलंय ते वाचा.

आठव्या लेण्यात एक ओळ आहे. मुगुदास नावाच्या माणसानं, बायकापोरांसकट, हे लेणं दिलं. त्याच्या नावापुढं 'दासक' असा शब्द आहे आणि विद्वान त्याचा अर्थ मासेमार असा करतात. मासे धरणारा माणूस डोंगरात लेणं कोरून देतो! पुढं बोधिगुप्ताचा मुलगा धम्मनंदी त्याच लेण्याला एक शेत देतो, त्याच्या उत्पन्नातून तिथल्या भिक्षूला कापड मिळावं म्हणून. अठरावं लेणं म्हंजे चैत्यगृह, स्तूप असलेलं, इथलं सगळ्यात देखणं. त्याच्या दारावर नाशिकच्या लोकांचं, धंबिक गावाचं दान कोरलंय. अख्ख्या गावाचं दान. आणि ते चैत्यगृह पुरं केलं एका बाईनं. तिचं नाव भटपालिका. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त, उत्तरेकडून आलेला योनक, म्हंजे ग्रीक. विष्णुदत्ता नावाच्या शक बाईनं आजारी भिक्षूंच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली. ती कुणाकडे? कुंभारांच्या, तेल्यांच्या, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हंजे कारागिरांची संघटना.

आणि दहाव्या लेण्यात उषवदातानं हिशोबच कोरून ठेवलाय. नहपान क्षत्रपाचा हा जावई. त्यानं ३००० कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींत गुंतवले. २००० एकीत, महिना शेकडा १ व्याजानं. १००० दुसरीत, शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० चं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला राहणारे भिक्षू २०, प्रत्येकाला चीवरासाठी १२. करा गुणाकार, पैन् पै जुळते. आणि हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं, असंही तिथं लिहिलंय. आपल्या किती विहारांच्या वर्गणीचा हिशोब असा उघड्यावर वाचला जातो, हे ज्यानं त्यानं आपल्या कमिटीला विचारावं. मी इथं थांबतो.

इथपर्यंत वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. मासेमार, विणकर, कुंभार, तेली, बाया, परदेशी. हा आपला बाप, ही आपली आई. मग तिसरं लेणं वाचलं आणि घास घशात अडकला.

तिसरं लेणं इथलं मोठं, राजेशाही. खाली दगडात सहा आडदांड पुरुष कोरलेत, खांद्यावर तुळया घेऊन सगळ्या ओसरीचं ओझं पेलणारे. वर ओसरीच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. नातू पुळुमावी याच्या १९ व्या वर्षी तिनं हे लेणं भद्रायणीय भिक्षुसंघाला दान दिलं. दान बुद्धाच्या संघाला. आणि भिंतीवर कौतुक कशाचं? तर मेलेल्या लेकाचं. तो 'एकबम्हण', त्यानं क्षत्रियांचा माज उतरवला, आणि त्यानं चार वर्णांचा संकर थांबवला!

पुन्हा वाचा. चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा. बुद्धाच्या लेण्यात. भिक्षूंच्या डोक्यावर. ज्या बुद्धानं उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या दिली, त्याच्या विहाराच्या ओसरीत. आणि भिक्षू त्या भिंतीखालून रोज भिक्षेला जात-येत राहिले.

उषवदात तरी काय वेगळा? ज्या लेण्यात वीस भिक्षूंच्या चीवराचा हिशोब आहे त्याच लेण्यात त्यानं ब्राह्मणांना काय काय दिलं त्याचीही यादी आहे. तीन लाख गायी. देवांना आणि ब्राह्मणांना १६ गावं. वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवण. प्रभासला ब्राह्मणांना आठ बायका लग्न लावून दिल्या. आता शेजारी ठेवून बघा. तिकडे गावं आणि गायी, इकडे लेणं आणि कापडाचे बारा बारा कार्षापण.

आपल्यातले काही म्हणतील, हे कशाला सांगता? शत्रूच्या हातात कोलीत देता. बुद्धाचा काळ सोन्याचा होता एवढंच पोरांना सांगा. मी म्हणतो, नाही. सोन्याचा मुलामा देणं हा पुराणवाल्यांचा धंदा आहे. आपण तो करायला लागलो तर त्यांच्यात आणि आपल्यात पाटीपुरताच फरक राहील. बुद्धानं कालामांना काय सांगितलं? परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. मग आपली लेणी तरी न पारखता कशी मानायची?

आणि पारखलं की जे दिसतं ते आजच्या कामाचं आहे. राजानं लेणं दिलं आणि भिंत घेतली. संघाला डोक्यावर छप्पर मिळालं, राजाला जाहिरात मिळाली. छपराच्या मोबदल्यात भिंतीवर काय लिहिलं जातंय हे कुणी विचारलं नाही. विचारलंही असेल, पण तो आवाज दगडात उतरला नाही. वर्णव्यवस्था राखणाऱ्याला संघाला दान द्यायला अडचण नव्हती. उलट सोय होती.

आता आजूबाजूला बघा. १४ एप्रिलला मोठा हार घेऊन कोण येतं? ६ डिसेंबरला बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो केवढा आणि पुढाऱ्याचा केवढा? तुमच्या वस्तीतल्या विहाराच्या कोनशिलेवर कुणाकुणाची नावं आहेत ते आज संध्याकाळी जाऊन वाचा. एक रुपयाची वर्गणी देणाऱ्या म्हातारीचं नाव आहे का त्यावर? निधी देणाऱ्याचं आहे. तोच माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मंडपात काय बोलतो तेही ऐका. तिथं तो संकर थांबवायच्याच गोष्टी करतो. आंतरजातीय लग्न केलेल्या पोरापोरीच्या मागं कुऱ्हाड लागते तेव्हा तो तोंड उघडत नाही. पण निळा फेटा त्याला शोभून दिसतो. आपण टाळ्या वाजवतो. लेणं दिलं, भिंत घेतली. दोन हजार वर्षांत भाव काही वाढला नाही.

तर कुणाचे वारस आपण, हे ठरवायची वेळ आहे. तिसऱ्या लेण्यातल्या लांबलचक बढाईचे, का आठव्या लेण्यातल्या एका ओळीचे? मुगुदासानं ना बापजाद्यांची टिमकी वाजवली, ना कुणाला चिरडल्याचं सांगितलं. नाव सांगितलं, धंदा सांगितला, बायकापोरांना बरोबर घेतलं, दान दिलं आणि ओळ संपवली. धंबिक गावानं तर एका माणसाचंही नाव पुढं केलं नाही. मला विचाराल तर आपली भिंत ती. तिसऱ्या लेण्यातलं आपलं काही असेल तर ते खालचे सहा जण, ओझं पेलणारे. ज्यांनी ते दगडातून काढले त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत.

आता लेण्यावर जाणाऱ्या आपल्याच मंडळींना चार शब्द. गोड लागणार नाहीत.

बुद्धपौर्णिमेला वर जायचं, मेणबत्त्या लावून दगड काळा करायचा, उदबत्तीचा धूर करायचा, फोटो काढायचे, घोषणा द्यायच्या आणि खाली येऊन वडापाव खायचा. ही यात्रा झाली. जत्रा आपण गावात सोडून आलो होतो, ती डोंगरावर कशाला नेता? माझ्या आज्यानं मूर्तीसाठी मार खाल्ला नव्हता. आणि आज तुम्ही बुद्धाची मूर्ती करून तिच्यापुढं नवस बोलत असाल तर काळारामाचं दार तेव्हा उघडलं नाही याचं दुःख कशाला?

दुसरं. लेण्याच्या भिंतीवर रंगानं 'जयभीम' लिहू नका. प्रेयसीचं नाव कोरणाऱ्यात आणि तुमच्यात मग फरक काय? कायद्यानं तो गुन्हा आहेच, पण कायदा सोडा. तो दगड म्हंजे आपला सातबारा आहे. आपल्याच सातबाऱ्यावर शाई ओतणारा वारस तुम्ही कुठं बघितलाय?

तिसरं. पाटीसाठी भांडा, जरूर भांडा. अर्ज द्या, मोर्चा काढा, 'त्रिरश्मी बौद्ध लेणी' म्हणा, रिक्षात बसताना म्हणा, पोराच्या निबंधात लिहा, मास्तरानं लाल रेघ मारली तर शाळेत जाऊन विचारा. पण पाटी बदलली म्हंजे काम झालं असं समजू नका. उद्या पाटी बदलेल आणि तिच्याखाली बारीक अक्षरात कुण्या पुढाऱ्याचं 'सौजन्य' येईल. मग आपण पुन्हा तिसऱ्या लेण्यात.

चौथं आणि महत्त्वाचं. वाचायला शिका. ही लिपी अवघड नाही. आपल्या देवनागरीची ती आजी आहे. काना, मात्रा, वेलांटी यांची मुळं तिथंच आहेत. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात अशी पोरं तयार झालीत जी रविवार सत्कारणी लावतात, वही-पेन घेऊन लेण्यावर जातात, धम्मलिपीतलं एकेक अक्षर गिरवतात. त्यांच्यात जा. आपल्या बापजाद्यांच्या कानात वेद पडला तर शिसं ओतायची भाषा ज्यांच्या ग्रंथांत होती, त्यांनी आपल्याला अक्षरापासून लांब ठेवलं. या डोंगरावरचं अक्षर मात्र सगळ्या गावानं बघावं म्हणून उघड्यावर कोरलंय. ते वाचायला आता कोण अडवतंय? आळस सोडून कोणी नाही.

ती नववीतली पोरगी आता दहावीत आहे. तिनं मूळाक्षरं महिनाभरात पाठ केली, माझ्या आधी. परवा आम्ही पुन्हा वर गेलो. ती आठव्या लेण्यापाशी उभी राहून बोट हवेत फिरवत, दगडाला हात न लावता, एकेक अक्षर जुळवत होती : दा-स-क-स... मु-गु-दा-स-स... शेजारी एक म्हातारे बाबा थांबले. धोतर, टोपी, कपाळाला बुक्का. म्हणाले, "काय वाचतीस गं पोरी? पांडवांचं हाय का?"

ती म्हणाली, "नाही बाबा. एक मासे धरणारा होता, त्याचं आहे. घरच्यांसकट."

बाबा जरा वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अस्सं. आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

माझ्या आज्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. काळाराम सत्याग्रहाला २०३० साली शंभर वर्षं होतील. मोठे मंडप पडतील, मोठी माणसं येतील, मोठे हार येतील. भिंत मागायला येतील. तोवर आपल्या दर वस्तीत निदान एक पोरगी अशी उभी करा जिला भिंत वाचता येते. ज्याला भिंत वाचता येते त्याची भिंत कुणी फुकटात घेऊन जात नाही.

जयभीम.